‘कॉल ऑफ द व्हॅली’: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

१९६७ सालची ही एल.पी. बहुतेक घरांत ‘छान, शांत, सकाळी लावायला बरी’ एवढ्या शेऱ्यावर पडून असते. इंदूरच्या कडक उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत आम्ही ती तबकडीवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे वाजवली. बहुतेक वेळा अख्खी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेजारी पेटी उघडी. त्यातून जे हाती लागलं ते इथे देतो आहोत. ‘एका विषयाभोवती अल्बम’ ही कल्पना जिथे खरंच कामाला लागते, अशा भारतीय रेकॉर्डींत हिचा नंबर वरचा आहे. मात्र त्याचं कारण वेष्टनावर सांगितलेलं नाही.

आधी ओळख. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार ब्रिजभूषण काब्रा, तबला माणिकराव पोपटकर. निर्मिती एच.एम.व्ही.च्या जी. एन. जोशी यांची; मराठी श्रोता त्यांना भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक म्हणून ओळखतो. विषय: काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस. पहिल्या बाजूला अहिर भैरव आणि नट भैरव एका जोडीत, मग पिलू. दुसऱ्या बाजूला भूप, देस, पहाडी. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास.

मेंढपाळ पहिले काही दिवस सोबत असतो, मग निघून जातो. तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली की गोष्ट मागे पडते. नेमकं कोणतं वळण म्हणजे कळप घरी परतला आणि कोणतं म्हणजे रात्र झाली, याने काही अडत नाही. आमच्या मते गोष्ट हा या रेकॉर्डचा सगळ्यात कच्चा धागा आहे. तो काढून घेतला तरी तबकडी विस्कटत नाही, कारण पाचही तुकडे स्वरांनी एकमेकांना शिवलेले आहेत. ही शिवण कुठे आणि कशी आहे, ते पाहण्यात खरी गंमत आहे.

पहिला सांधा अहिर भैरव आणि नट भैरव यांचा. मूळ भैरवात रे कोमल (म्हणजे अर्ध्या स्वराने उतरलेला), ध कोमल, बाकी शुद्ध. अहिर भैरव त्यातला खालचा अर्धा भाग उचलतो: सा, कोमल रे, ग, म. वरच्या अर्ध्यात मात्र शुद्ध ध आणि कोमल नि, म्हणजे काफीसारखा उत्तरांग. नट भैरव बरोबर उलट करतो: खाली शुद्ध रे, आणि वर भैरवाचा कोमल ध आणि शुद्ध नि. म्हणजे एका भैरवाचे दोन तुकडे दोन रागांनी वाटून घेतलेले. दोघांत सामाईक स्वर चार: सा, ग, म, प. उरलेले तीन, रे, ध आणि नि, तिन्ही पलटलेले. पेटीवर स्वतः करून पाहा. सा-ग-म-प वाजवत राहा आणि मध्ये एकदा कोमल रे, एकदा शुद्ध रे लावा. जमीन तीच राहते, उजेड बदलतो. शिवाय दोन्ही रागांत मध्यमावर थांबायला जागा आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना पाय ठेवायला पायरी तयारच असते. सुमारे बारा मिनिटांच्या या जोडीत श्रोत्याला राग बदलल्याचं चटकन जाणवतं आणि तुटल्यासारखं मात्र कुठेच वाटत नाही. एखादा शुद्ध स्वरांचा बिलावल तिथे आणून ठेवला असता तर वैविध्य तितकंच मिळालं असतं, पण भैरवाचा धागा सुटला असता.

पिलूबद्दल थोडक्यात. तो बाराच्या बारा स्वरांना घरात घेणारा राग, दुपारचा, ठुमरी-दादऱ्याच्या वळणाचा. भैरवाच्या शिस्तीनंतर तो सैल पडतो आणि पडावा. पहिली बाजू इथे संपते.

दुसरी बाजू भूपाने उघडते, झपतालात, दहा मात्रांत. बारा स्वरांवरून एकदम पाच: सा रे ग प ध. रेकॉर्डमधली सगळ्यात मोठी उडी हीच, आणि तबकडीवर ती अंगावर येत नाही. याचं श्रेय तबकडी उलटण्याला आहे. सुई उचलायची, बाजू फिरवायची, ब्रश फिरवायचा, सुई ठेवायची. अर्धा मिनिट तरी जातो. पिलूची धूळ खाली बसते आणि भूप स्वच्छ कोऱ्या कानावर येतो. मोबाइलवर हीच उडी दोन सेकंदांत होते आणि भूप पहिली मिनिटभर फिका लागतो. बऱ्याच जणांचं ‘मधला भाग थोडा ढेपाळतो’ हे मत इथून येतं असा आमचा अंदाज आहे. उपाय सोपा: पिलू संपला की हाताने थांबवा. पाणी प्या. मग भूप लावा. दिवसाचा हिशेबही तिथेच आहे, पहिल्या बाजूवर सकाळ ते दुपार आणि दुसरीवर संध्याकाळ ते रात्र. तबकडी फिरते तिथे दिवस मावळतो.

आता दुसऱ्या बाजूची शिवण. भूपात म आणि नि मुळीच नाहीत. देसाचा आरोह काय? सा रे म प नि सां. म्हणजे भूपाने ज्या दोन स्वरांना दार बंद केलं, देसाची चढण नेमकी त्याच दोघांवर उभी आहे, आणि भूपाचा जीव असलेले ग आणि ध देस चढताना वगळतो. उतरताना ते परत येतात, सोबत कोमल नि घेऊन. भूपानंतर लगेच देस ऐकला की म आणि नि नव्याने उजळल्यासारखे ऐकू येतात, ते यामुळे. देस एकटा लावून पाहा, तो उजेड तितका पडत नाही. मग येतो पहाडी. त्याचा सांगाडा पुन्हा भूपाचाच, सा रे ग प ध, पण चलन वेगळं. भूप ग आणि ध यांच्यावर भारदस्त बसतो; पहाडी खालच्या सप्तकात जास्त रमतो, मध्यम नि निषाद जाता जाता लावतो, धुनेसारखा झुलतो. बाजूचा पहिला नि शेवटचा तुकडा एकाच हाडांचे, मधला त्यांना बरोबर पूरक. एका बाजूच्या वीसेक मिनिटांत याहून घट्ट विणकाम क्वचित सापडेल.

प्रहरांचा क्रम पाळला की यातलं बरंच आपोआप जुळतं, हेही खरं. रागांच्या वेळा मुळातच स्वरांच्या गटांवर बेतलेल्या: कोमल रे संधिप्रकाशाला, शुद्ध रे-ध त्यानंतर, कोमल ग-नि त्यापुढे. दिवसाची गोष्ट सांगायची ठरवली की ही शिडी फुकट मिळते. म्हणून ‘एक दिवस’ हा विषय आपल्या संगीताला जेवढा मानवतो, तेवढा ‘प्रेम’ किंवा ‘देशभक्ती’ मानवत नाही. त्या विषयांत शब्दांतून ऐक्य मिळेल, स्वरांतून ते वेगळं कमवावं लागतं.

वाद्यांची निवड हा दुसरा टाका. संतुराचा स्वर आघाताचा, निर्माण होताच विरू लागणारा. लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, त्यात नाही; ती भास म्हणून कलमांच्या, म्हणजे वाजवायच्या काड्यांच्या, बारीक थरथरीतून द्यावी लागते. बासरी याच्या अगदी विरुद्ध, दम आहे तोवर स्वर टिकतो. काब्रांची गिटार या दोघांच्या मध्ये बसते: तार छेडली जाते संतुरासारखी, पण तारेवर पट्टी सरकवून मींड घेतली जाते बासरीसारखी. गिटार नसती तर संतूर आणि बासरी हे दोन वेगळे कार्यक्रम वाटले असते. नव्या श्रोत्यांना गिटार सगळ्यात शेवटी कानांत भरते. महिन्यांनंतर आमचं सर्वांत जास्त लक्ष तिच्याकडेच जातं.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. सहा राग चाळीस मिनिटांत. अहिर भैरवाला विलंबित आलापाची उसंत नाही, देस तर ओळख होते तोवर संपतो. इंदुरात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांची १९६० ची एल.पी. शेजारी ठेवा. एका बाजूला मारवा, दुसरीवर दरबारी. दोन राग, दोन बाजू, बस. तिथे ऐक्य एका आवाजाचं आणि एका संथ चालीचं आहे, वैविध्य रागाच्या आतलं. मारव्यात पंचम नाही, षड्जावर टेकायला तो राग शेवटपर्यंत टाळाटाळ करतो. दरबारी मंद्रात जाऊन आंदोलित गंधारावर डोलतो. तसली खोली ‘कॉल ऑफ द व्हॅली’कडून मागू नये. ज्यांना रागाचा विस्तार हवा त्यांनी ही घेऊच नये, त्यांची निराशा होईल.

दुसरी तक्रार पहाडीच्या लोकप्रियतेची. लोक थेट पहाडीवर येतात नि तिथूनच जातात. सुटा पहाडी गोड आहे, पण भूप आणि देस ओलांडून आलेला पहाडी म्हणजे घरी परतणं आहे. शेवटचाच तुकडा ऐकणाऱ्यांना ही अर्धी रेकॉर्ड कळलेली नाही, असं आम्ही बेधडक म्हणू.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी काही सेटिंग्ज महत्त्वाच्या. शफल बंद, हे सांगायला नको. ‘क्रॉसफेड’ नावाची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ती एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढवते. पार्टीच्या गाण्यांना ठीक. इथे सहा सेकंद भूपाचा गंधार आणि देसाचा मध्यम एकमेकांवर पडतात आणि वर सांगितलेली शिवण नेमकी तिथेच उसवते. ती शून्यावर आणा. आवाज समान करणारी सोय असेल तर ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ पद्धत निवडा. ट्रॅक पद्धतीत प्रत्येक तुकडा वेगवेगळा मोजून एका पातळीला आणला जातो, मग शांत तुकडा आणि भरात आलेला तुकडा सारख्याच जोराने येतात. तुकड्यातुकड्यांमध्ये ठेवलेला चढ-उतार हा वैविध्याचाच भाग आहे, तो सपाट होतो. प्लेलिस्टमध्ये इतर गाण्यांसोबत मिसळून ठेवलं तरी हाच त्रास, म्हणून अल्बम म्हणूनच लावा. पातळी ठरवायची तर तानपुऱ्यावरून ठरवा: तो जेमतेम जाणवेल इतका आवाज ठेवला की संतुराचा आघात टोचत नाही.

एक सूचना सीडीवाल्यांना. १९९० च्या दशकातल्या परदेशी आवृत्तीत मूळ पाच तुकड्यांमागे आणखी काही रचना जोडलेल्या आहेत. वादन उत्तमच, पण दिवस संपलेला असताना त्या सुरू होतात. पहाडीनंतर थांबायची सवय लावून घ्या आणि त्या वेगळ्या दिवशी ऐका.

तबकडीवरचा अनुभव ज्याला हवा त्याने पुढचं नीट वाचावं.

वेग. ३३⅓ फेऱ्यांत एक टक्का चूक झाली तर पट्टी सुमारे १७ सेंट सरकते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाइतकी. नुसतं ऐकताना कळणार नाही. सोबत पेटी धरणाऱ्याला मात्र लगेच खुपेल. स्ट्रोब चकती, म्हणजे रेघांच्या कड्या छापलेली चकती, ठेवून तपासा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांची कडी स्थिर दिसली पाहिजे. एल.ई.डी. दिव्याखाली ती बहुधा दिसतच नाही. जुनी चोकवाली ट्यूबलाइट किंवा निऑन दिवा लागतो. रेघा पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेयरमध्ये उन्हाळ्यात रबरी पट्टा सैल पडतो, तेव्हा वेग उतरलेला सापडतो.

आतल्या खोबणीचा प्रश्न या रेकॉर्डला विशेष लागू आहे. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढीच माहिती अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेली असते, त्यामुळे तीक्ष्ण आघात तिथे फाटतात. आणि लेबलाजवळ आहे कोण? पहाडी. संतुराचे बारीक ठोके तिथे कुरकुरले तर प्रथम सुईचा कोन तपासा, मग सुईची झीज. गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल टोकाची सुई आतल्या भागात साफ वाचते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या डबीच्या, कागदावर लिहिला असेल तोच. आजच्या चुंबकी कार्ट्रिजला साधारण दीड ते दोन ग्रॅम. दाब कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि जास्त ओरखडते. जुनी प्रत विकत घेताना सुरुवात ऐकून पैसे देऊ नका. दुसऱ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं ऐका. आधीच्या मालकाने पहाडीच झिजवलेला असतो.

हवामान. एप्रिल-मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, आणि गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्याहून वर. आडव्या थप्पीतल्या तबकड्या तिथे बशीसारख्या वाकतात. उभ्या ठेवा, फार दाटीने नको. कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कव्हरांना ओल धरते, हे पावसाळ्याआधीच सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये खोबणीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. कोरड्या फडक्याने पुसली तर ती खोबणीत दाबली जाते. ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब टाका. मऊ ब्रशने गोलाईच्या दिशेने फिरवा. मग नुसत्या त्याच पाण्याने धुवा, उभी ठेवून वाळवा, लेबल कोरडं राहू द्या. नळाचं नर्मदेचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षार राहतात आणि चटचट वाढते. आतलं कागदी पाकीट बुरसटलेलं असेल तर ते फेकून पॉलिथिनचं घाला, नाही तर सगळी मेहनत पंधरवड्यात वाया.

ही रेकॉर्ड ऐकून स्वतःचा विषयबद्ध कार्यक्रम बांधू पाहणारे इंदुरात कमी नाहीत. आपल्या मराठी मंडळींना ‘संकल्पना’ म्हटलं की निवेदक आठवतो. संकल्पना निवेदनात ठेवली की गाणी सुटी राहतात. इथून पस्तीसेक किलोमीटरवर देवासला बसून कुमार गंधर्वांनी ‘गीत वर्षा’सारखे कार्यक्रम बांधले, त्यांत पावसाचा धागा बंदिशींत आणि माळव्याच्या लोकगीतांत होता. आणि ‘गीत रामायण’ घ्या: १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आलेल्या ५६ गीतांना अनेक गायक होते, ऐक्य कथेचं, एका कवीचं नि एका संगीतकाराचं. पुढे सुधीर फडके एकट्याने सगळी गाऊ लागले तेव्हा आवाजांचं वैविध्य गेलं आणि कथनाची एकतानता आली. भूपाने आरंभ, भैरवीने शेवट, हा काठ दोन्हीकडे तोच.

आमचा काढलेला नियम असा: राग, ताल, लय आणि पुढे असणारं वाद्य किंवा आवाज, या चारांपैकी एका वळणावर दोनच बदला. चारही बदललं की नवा कार्यक्रम सुरू झाल्यासारखं होतं. एकच बदललं तर तिसऱ्या वळणाला जांभया. आणि रागांच्या जोड्या स्वर मांडून ठरवा. सकाळच्या बैठकीसाठी हा क्रम चालून जातो: अहिर भैरव, नट भैरव, अल्हैया बिलावल, देशकार, वृंदावनी सारंग. नट भैरवातून बिलावलात जाताना मुख्य बदल एकच, कोमल ध शुद्ध होतो. देशकाराचे स्वर भूपाचेच, सारंगाची चढण सा रे म प नि. म्हणजे भूप-देसाची जोडी दिवसाच्या उजेडात. फक्त सारंगाला दुपार लागते, दिवाळी पहाटेची मैफल नऊला संपते. तिथे देशकारावर थांबा.

संतूर प्रत्यक्ष बसवणार असाल तर ध्यानात ठेवा, त्याच्या तारा रागानुसार लावलेल्या असतात. रेकॉर्डसाठी प्रत्येक तुकडा वेगळा वाजवता येतो, मंचावर तारा पुन्हा जुळवायला वेळ जातो आणि ती टुणटुण माइकमधून सगळ्यांना ऐकू येते. तिथे गायकाची बंदिश घाला आणि संतुराचा माइक बंद करा. बासरीवाल्याला पट्टी आधी विचारा; बांबू ऐनवेळी काळी एकची पांढरी चार होत नाही.

राहता राहिली भैरवी. ही रेकॉर्ड भैरवीने संपत नाही, पण आपला श्रोता भैरवी झाल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. देशकारानंतर सरळ भैरवी लावली तर सा आणि प सोडून एकही स्वर जुळत नाही, रे, ग, ध, नि सगळे कोमल. अशा वेळी दोन्ही रिषभ घेणारी भैरवीतली ठुमरी किंवा नाट्यपद निवडा, म्हणजे आधीच्या रागाचा शुद्ध रे हाताशी राहतो, आणि निवेदकाला त्या जागी काही बोलू देऊ नका.